चिमाजीअप्पा : तारापूरच्या पत्रांच्या प्रकाशात

मराठी पत्रवाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा दोन ठिकाणी स्थिरावते. एकीकडे राजकारणाचा कागद असतो; त्यातून तारखा, फौजांच्या हालचाली व तहाची कलमे शोधली जातात. दुसरीकडे आधुनिक काळातील ललित पत्र असते. त्यातून व्यक्तिमत्त्वाचा शोध घेतला जातो. रणभूमीवरून लिहिलेले अठराव्या शतकातील पत्र या दोहोंच्या मध्ये पडते आणि म्हणून ते इतिहासकाराच्या हाती राहते. साहित्याचा अभ्यासक त्याकडे क्वचितच वळतो. वसईच्या मोहिमेतील चिमाजीअप्पांच्या पत्रांची स्थिती काहीशी अशीच झाली आहे. साधनग्रंथांत ती अनेकदा छापली गेली, इतिहासग्रंथांत त्यांचा आधार वारंवार घेतला गेला. परंतु ती लिहिणारा माणूस कसा होता, हा प्रश्न त्या पत्रांना फारसा विचारला गेला नाही.

चिमाजीअप्पांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. त्यांची लोकप्रिय प्रतिमा पत्रांतून घडलेली नाही. ती बखरींतून, दंतकथांतून आणि पुढील काळातील स्फूर्तिपर चरित्रांतून घडली. वसई हाती येत नाही हे पाहून आपले मस्तक तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात फेकावे, अशी आज्ञा करणारा सेनापती हे त्या प्रतिमेचे सर्वपरिचित रूप होय. हाती लागलेल्या फिरंगी स्त्रीला सन्मानाने परत पाठविणारा पुरुष हे तिचे दुसरे रूप; त्यावर शिवाजी महाराज व कल्याणच्या सुभेदाराची सून या आख्यायिकेची छाया स्पष्ट आहे. या दोन्ही रूपांत नाट्य आहे. पत्रांतील चिमाजीअप्पा मात्र नाट्यापासून दूर आहेत. ते मोजतात, वाट पाहतात, शत्रूचे शौर्य मान्य करतात आणि गेलेल्या माणसांची नावे घेतात. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या कोटाभोवती जे घडले, त्यात हा माणूस सर्वांत स्पष्ट दिसतो.

बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे हे धाकटे पुत्र. नाव अनंत, म्हणजे अंताजी. चिमाजी हे घरचे नाव आणि पुढे तेच रूढ झाले. जन्म १७०७ च्या सुमाराचा. थोरले बंधू बाजीराव त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी मोठे. भिऊबाई बारामतीच्या जोशी घराण्यात आणि अनुबाई इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यात दिलेल्या, अशा दोन बहिणी. १७२० मध्ये वडील निवर्तले तेव्हा पेशवेपद बाजीरावांकडे आले आणि तेरा वर्षांच्या आसपास असलेल्या चिमाजीअप्पांकडे सरदारी आली. दोघा भावांच्या कामाची विभागणी तेव्हापासूनची म्हणता येईल. बाजीराव घोड्यावर आणि दूरच्या मुलखात. चिमाजीअप्पा पुणे-साताऱ्याच्या दरम्यान, छत्रपती शाहूंच्या दरबाराशी सूत्र राखणारे, पैशाची तोंडमिळवणी करणारे आणि घरातील माणसांच्या तक्रारी ऐकणारे. ही विभागणी काटेकोर मात्र नव्हती. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात आमझेऱ्याच्या लढाईत गिरधर बहादूर व दया बहादूर यांचा पाडाव झाला तो चिमाजीअप्पांच्या हाताखालील फौजेकडून. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ सिद्दी सात मारला गेला, ती लढाईही त्यांचीच.

त्यांचे खासगी जीवन फार थोड्या ओळींत सांगता येते आणि त्या ओळी सुखाच्या नाहीत. प्रथम पत्नी रखमाबाई पेठे घराण्यातील. ऑगस्ट १७३० मध्ये सदाशिवराव जन्मले आणि त्याच महिन्यात रखमाबाई वारल्या. मुलगा आजी राधाबाईंजवळ वाढला. नंतर अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. प्रकृती मूळचीच नाजूक, छातीचा विकार जडलेला. मोहिमांच्या धकाधकीत तो वाढतच गेला. थोरल्या भावाच्या धडाक्यापुढे धाकट्याची ही कृश आकृती फिकी वाटते खरी, तथापि पेशव्यांच्या घरातील पत्रव्यवहार वाचू लागले की बहुतेक धागे याच माणसाकडे येऊन मिळतात असे दिसते.

या धाग्यांतील एक धावडशीस जात असे. ब्रह्मेंद्रस्वामी हे मूळचे वऱ्हाडातील. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री त्यांनी देवालय उभारले. १७२७ मध्ये सिद्दी साताने ते लुटल्यानंतर स्वामी घाटावर येऊन साताऱ्याजवळ धावडशीस स्थायिक झाले. छत्रपती, पेशवे, आंग्रे आणि अनेक सरदार त्यांना गुरुस्थानी मानीत. त्याचबरोबर स्वामी सावकारही होते. पेशव्यांच्या मोहिमांस त्यांनी पैसा पुरविला आणि तो परत मागताना भाषेचा मुलाहिजा ठेवला नाही. अशा अधिकारी पुरुषास चिमाजीअप्पा पत्र लिहीत, तेव्हा त्या पत्रात भक्तीचा मायना असे, ऋणकोचा संकोच असे आणि युद्धाची साद्यंत हकीकतही असे. द. ब. पारसनीस यांनी १९०० मध्ये स्वामींचे चरित्र व पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आणि राजवाड्यांच्या साधनखंडांतही हा पत्रसंग्रह आला. त्यामुळे मराठी वाचकास ही पत्रे उपलब्ध झाली. पेशवे दप्तरातील वसईसंबंधीचे कागद त्यानंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली बाहेर आले.

वसईच्या मोहिमेची कारणे अभ्यासकांस परिचित आहेत. येथे ती थोडक्यात पुरे होतील. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढील दोनशे वर्षांत दमणपासून साष्टीपर्यंतची किनारपट्टी फिरंगाण म्हणून ओळखली जाऊ लागली. धर्माच्या बाबतीतील जाचाच्या तक्रारी घेऊन साष्टीतील वतनदार पुण्यास येत होते. अंजूरच्या नाईक घराण्यातील गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ ही त्यांतील प्रमुख नावे. साष्टीच्या बखरीत ही सारी पूर्वपीठिका तपशिलाने येते. १७३७ च्या वसंतात ठाणे घेतले गेले आणि साष्टी बेट मराठ्यांच्या हाती आले. परंतु वसई पडली नाही. त्या वर्षअखेरीस बाजीराव भोपाळजवळ निजामाशी भिडले होते, फौजेची ओढ तिकडे होती. उत्तरेकडील माहीम-केळव्याच्या बाजूस १७३८ मध्ये केलेला प्रयत्न फसला आणि त्यात मराठ्यांची बरीच माणसे गेली. डिसेंबर १७३८ मध्ये पोर्तुगीजांनी ठाण्यावर उलटा हल्ला केला. त्यात त्यांचा सेनानी पेद्रो द मेलो तोफेच्या गोळ्याने ठार झाला. याच सुमारास चिमाजीअप्पा स्वतः कोकणात उतरले.

त्यांची योजना समजण्यासाठी आजच्या पालघर जिल्ह्याचा नकाशा पुढे घेणे उपयुक्त ठरते. (हा भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता.) दक्षिणेस वसई, उत्तरेस दमण आणि त्या दोहोंच्या मध्ये समुद्रकाठाने केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ठाण्यांची माळ. आत डोंगराळ भागात मनोरच्या बाजूस अशेरी. वसईस वेढा पडला तर तिला मदत येणार ती समुद्रातून किंवा या माळेतून. समुद्र मराठ्यांच्या पूर्णपणे हाती नव्हता. माळ मात्र तोडता येण्यासारखी होती. आदल्या वर्षी थेट वसईस भिडण्याचा व अंगावरील ठाणी अर्धवट सोडण्याचा परिणाम दिसला होता. म्हणून चिमाजीअप्पांनी प्रथम उत्तर साफ करण्याचे ठरविले. या निर्णयात चमक नाही. त्यात मागच्या चुकीचा हिशेब आहे आणि त्यांच्या एकंदर स्वभावाशी तो सुसंगत आहे.

जानेवारी १७३९ च्या पूर्वार्धात माहीम, केळवे व शिरगाव एकापाठोपाठ हाती आले. त्यानंतर तारापूर. चिंचणीच्या खाडीलगत, समुद्राच्या तोंडाशी असलेला हा कोट आज बोईसर स्थानकावरून तारापूरकडे जाणाऱ्या वाटेच्या शेवटी, वाड्यांच्या दाटीत उभा आहे. १९६९ मध्ये जवळच सुरू झालेल्या अणुविद्युत केंद्रामुळे आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीमुळे तारापूर हे नाव देशभर पोचले. मात्र ते ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात त्या कोटाची आठवण जागी होत असेल. १७३९ मध्ये तो दगडी तटाबुरुजांचा, खंदकाचा आणि निर्धाराने लढणाऱ्या शिबंदीचा किल्ला होता.

हल्ल्याची हकीकत मराठी कागदांवरून अशी जुळते. तटाखाली चार सुरुंग खणण्यात आले. त्यांपैकी दोन यशस्वी झाले आणि बुरूज व लगतचा तट फुटून मोठी खिंडारे पडली. बाजी भिवराव रेठरेकर, रामचंद्र हरी पटवर्धन, यशवंतराव पवार आणि तुकोजी पवार हे सरदार आपापल्या लोकांसह चढाईस निघाले. आधी कोण चढतो याची त्यांच्यात अहमहमिका होती. खिंडारांत कडवा प्रतिकार झाला. खंदक ओलांडून, शिड्या लावून मराठे तटावर पोचले तरी आतील शिबंदीने तरवारी उपसून हातघाईची लढाई दिली आणि ती संपेपर्यंत शस्त्र खाली ठेवले नाही. या लढाईत बाजी भिवराव गोळी लागून ठार झाले.

या वर्णनातील एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. फिरंग्यांनी शौर्याची शर्थ केली ही माहिती शत्रुपक्षाच्या अभिमानी लेखकाकडून आलेली नाही. ती जेत्या सेनापतीच्या पत्रव्यवहारातून येते. ग्रँट डफने १८२६ मध्ये आपला इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा तारापूर व वसई यांच्या वर्णनासाठी त्याने चिमाजीअप्पांच्या पत्रांचा आधार घेतला. त्याच्या इंग्रजी गद्यातही त्या मूळ स्वराचा अंश उतरला आहे. शत्रूस हीन लेखून विजय मोठा करण्याची रीत विजयवार्तेत सर्वत्र आढळते. चिमाजीअप्पांनी ती टाळली. यामागे उदारता होती असे म्हणण्याची घाई करू नये. गुरूस व घरच्या मंडळींस विलंबाचे व खर्चाचे कारण पटवून देणे हाही त्यांचा हेतू असणे संभवते. शत्रू चिवट असेल तर लागलेला वेळ क्षम्य ठरतो. परंतु हेतू कोणताही असो, परिणाम वाङ्मयीन आहे. शत्रूला उंची मिळताच सारे वर्णन विश्वसनीय होते आणि पडलेल्या आपल्या माणसांच्या मरणासही वजन येते.

तारापूरशी निगडित दुसरे पत्र याहून वेगळे आहे. ते बाजी भिवरावांच्या आई वेणूबाई यांस लिहिलेले आहे. बाजी भिवराव हे बाजीराव-चिमाजींच्या पिढीतील सरदार. पेशव्यांच्या घरोब्यातील आणि दोघा भावांच्या बरोबरीने लहानाचे मोठे झालेले. त्यांच्या मृत्यूची वार्ता आईस कळविण्याचे काम चिमाजीअप्पांनी कारकुनी कागदावर सोडले नाही. पत्राचा गाभा अगदी थोडा आहे. लढाईत तोंडात गोळी लागून बाजी गेले, हे त्यात प्रथम सांगितले आहे. घाव कोठे बसला हेही आईपासून लपविलेले नाही. हे नुकसान एकटीचे नाही, गेलेला पुत्र तिचा तसाच आपलाही होता, अशी भावना त्यानंतर येते. देवाने केले त्यापुढे उपाय नाही, म्हणून धीर धरावा, ही विनवणी शेवटी. तारापूर घेतल्याचा अभिमान, धर्मकार्याचा गौरव, वीरगतीचे पुण्य यांपैकी काहीही सांत्वनाचे साधन म्हणून पुढे केलेले दिसत नाही.

या पत्राच्या कर्तृत्वाविषयी एक शंका उपस्थित होऊ शकते. त्या काळी सरदार पत्रे सांगत आणि कारकून मोडीत उतरवीत. मायना, समाप्ती व मधले अनेक शब्दसमूह ठरलेले असत. मग या पत्रास चिमाजीअप्पांचे पत्र का म्हणावे? या शंकेचे उत्तर ठरीव भाषेतच शोधावे लागते. सांत्वनपत्राचा साचा तयार होता आणि त्या साच्यात पुष्कळ शब्द भरता आले असते. जे पत्र उपलब्ध आहे ते त्या मानाने विलक्षण आखूड आहे. साच्यातील काय टाळले यावरून सांगणाऱ्याची निवड कळते. पेशवेकालीन पत्रांच्या शैलीचा अभ्यास शब्दकळेवर थांबतो, तेव्हा हा भाग हातून निसटतो. गद्याची जी घडण आपण आधुनिक मानतो, तिच्या खुणा या कागदांत विखुरलेल्या आहेत, पण त्या वेचण्यासाठी ओळींइतकेच मौनाकडेही पाहावे लागते.

येथेच शाहिरीचा विचार अपरिहार्य होतो. युद्ध आणि सेनापती हे पोवाड्याचे नैसर्गिक विषय. अफजलखानाच्या वधावरील अग्निदासाचा व सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा शिवकालाची साक्ष देतात. पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरी बहरास आली. १८९१ मध्ये अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी काढलेल्या संग्रहावरून हा बहर चटकन जाणवतो. परंतु ज्यांची नावे आज घरोघर माहीत आहेत, ते शाहीर चिमाजीअप्पांच्या पश्चात जन्मले. त्यांतील थोरल्या पिढीतील अनंत फंदी यांचा जन्म १७४४ चा. वसई पडून तोवर पाच वर्षे लोटली होती. म्हणजे ज्या मोहिमेने कोकणची सत्ता पालटली, तिच्या नायकाला समकालीन थोर शाहीर लाभला नाही. जो वृत्तान्त शाहिरास जायचा, तो स्वामींस गेला आणि एका आईस गेला. य. न. केळकर यांनी एकीकडे ऐतिहासिक पोवाड्यांचे संकलन केले आणि दुसरीकडे वसईच्या मोहिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हा योगायोग या संदर्भात अर्थपूर्ण वाटतो. दोन्ही प्रकारची साधने एकाच अभ्यासकाच्या टेबलावर होती, पण ती एकमेकांजवळ ठेवून वाचण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकांकडून अजून व्हावयाचे आहे.

गीत नसल्याने एक पोकळी राहिली आणि ती आख्यायिकेने भरली, असे अनुमान करण्यास जागा आहे. मस्तक तोफेने उडविण्याची कथा पोवाड्याच्या रचनेस किती अनुकूल आहे हे पाहावे: एक उद्गार, एक प्रतिज्ञा, सैन्याची लगेच उसळलेली चढाई. तारापूरच्या पत्रांतील सामग्री अशी सोयीची नाही. चारपैकी दोन सुरुंग वाया गेले, शत्रू उत्तम लढला आणि आपला जिवलग तोंडात गोळी लागून पडला, या तपशिलांवर डफाची थाप चटकन बसत नाही. यामुळे लोकस्मृतीत वसई राहिली आणि तारापूर मागे पडले.

तारापूरनंतर फेब्रुवारीत अशेरी हाती आली आणि वसईचा वेढा आवळला गेला. त्याच सुमारास इराणचा नादिरशहा दिल्लीवर चालून आला. मार्चमध्ये तो राजधानीत शिरला. बाजीराव उत्तरेच्या चिंतेत होते आणि वसईपुढे अडकलेली फौज त्यांना हवी होती. चिमाजीअप्पांनी वेढा उठविला नाही. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार वसईपुढे आले होते, पावसाळा जवळ येत होता आणि समुद्र फिरला की सारा उद्योग एक वर्ष मागे जाणार होता. दलदल व रेतीच्या जमिनीतून खंदक पुढे नेणे, तोफा ओढणे व सुरुंग खणणे हे काम किती कठीण होते, याचे वर्णन पत्रांतून येते. मे १७३९ मध्ये अखेरचा हल्ला झाला. पहिल्या दिवशी सुरुंगांनी दगा दिला, आपलेच लोक दगडांखाली सापडले आणि चढाई परतविली गेली. दुसऱ्या दिवशी सेबास्तियन बुरुजाखालील सुरुंग उडून वाट झाली, मराठे बुरुजावर ठाण मांडून बसले आणि किल्ल्यातून तहाची बोलणी सुरू झाली. शिबंदीस शस्त्रांनिशी व कुटुंबांसह निघून जाण्याची मोकळीक देण्यात आली; मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणासंबंधीही आश्वासन दिले गेले. मराठ्यांचे ठार व जखमी मिळून पाच हजारांवर गेले. पोर्तुगीजांचे सुमारे आठशे.

विजयाचे पत्र ब्रह्मेंद्रस्वामींस गेले. यशाचे श्रेय त्यात स्वामींच्या आशीर्वादास दिले आहे आणि त्या काळच्या शिष्याकडून तेच अपेक्षित होते. परंतु पत्राचा मोठा भाग सुरुंग कसे फसले, कोण कोठे चढले, कोण पडले आणि कोण जखमी झाले यानेच व्यापला आहे. आशीर्वाद चौकटीत आहे, चित्र माणसांचे आहे. तारापूरच्या वेळी दिसलेली दृष्टी वसईसही बदललेली नाही. मोठ्या यशानंतर भाषा फुगते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. चिमाजीअप्पांची भाषा फुगली नाही. वज्रेश्वरीच्या नवसाची आणि वसईच्या घंटा देवळोदेवळी गेल्याची परंपरा या विजयाभोवती पुढे वाढली. तीही लोकांनी आपल्या परीने केलेली नोंद होय. पत्रांच्या वाचनात मात्र तिची भर घालण्याचे कारण नाही.

यानंतरचे आयुष्य अवघे दीड वर्षाचे. जुलै १७३९ मध्ये इंग्रजांशी तह झाला. त्यासाठी मुंबईहून कॅप्टन इंचबर्ड आला होता. चिमाजीअप्पांच्या शांत पण निश्चित वागण्याचा ठसा इंग्रजांच्या मनावर उमटल्याचे दिसते. घरात मस्तानीचे प्रकरण विकोपास गेले होते. थोरला भाऊ, आई आणि पुतण्या नानासाहेब यांच्या मध्ये उभे राहण्याचे दुर्घट काम चिमाजीअप्पांच्या वाट्यास आले, आणि त्या काळातील त्यांच्या पत्रांत रणभूमीवर न दिसलेली अस्वस्थता दिसते. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे वारले, तेव्हा चिमाजीअप्पा व नानासाहेब कुलाब्याच्या बाजूस आंग्र्यांच्या भाऊबंदकीत गुंतलेले होते. नानासाहेबांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. चिमाजीअप्पांची प्रकृती मात्र पुन्हा उभी राहिली नाही. १७ डिसेंबर १७४० रोजी त्यांचे निधन झाले. अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे. दुसऱ्याच्या आईचे सांत्वन करणाऱ्या या पुत्राच्या मागे त्याची स्वतःची आई राधाबाई उरली. पुरत्या आठ महिन्यांच्या आत तिचे दोन्ही मुलगे गेले होते. ती पुढे १७५३ पर्यंत जगली.

सदाशिवराव तेव्हा दहा वर्षांचे होते. वडिलांस जे मिळाले नव्हते ते त्यांना मिळाले: पानिपत, त्यावरील बखरी आणि त्यावरील पोवाडे. १४ जानेवारी १७६१ रोजी ते रणात कोसळले. त्यांचे शव ओळखून त्यावर अग्निसंस्कार झाल्याच्या वार्ता दक्षिणेत आल्या, पण त्या सर्वांना पटल्या नाहीत. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. भाऊसाहेब जिवंत असल्याची बोलवा उठत राहिली, त्यांच्या नावाने तोतया उभा राहिला आणि त्या प्रकरणाचा शेवट १७७६ मध्ये त्याच्या देहदंडाने झाला. घाव कोठे बसला आणि माणूस कसा पडला हे स्पष्ट शब्दांत सांगणारे, वेणूबाईंस तारापूरच्या लढाईनंतर मिळाले होते तसे पत्र पार्वतीबाईंस कोणी लिहिले नाही. त्या १७८३ पर्यंत वाट पाहत राहिल्या.